ब्रिटिश फॉरेन ऑफिसची परदेशात डांबलेल्यांना सोडवायची सेवा : पाचपैकी दोन स्टार

हॉटेलचा, मिक्सरचा, कुरिअरचा रिव्ह्यू आपण सगळेच लिहितो. मी आज एका सरकारी सेवेचा लिहितेय, कारण हीसुद्धा पैसे भरून घेतलेली सेवा आहे. ब्रिटिश पासपोर्टची जी फी आपण भरतो त्यातला काही भाग परदेशात अडकलेल्या नागरिकांच्या मदतीसाठी वापरला जातो, हे सरकार स्वतःच फीबद्दल सांगताना म्हणतं. मग ती मदत वेळ आल्यावर कशी मिळते हे बघायचा हक्क आपल्याला आहेच ना.

पासपोर्ट उघडला की आतल्या पानावर राजाच्या नावाने परराष्ट्रमंत्री सगळ्या जगाला विनंतीही करतात आणि फर्मावतातही, की हा पासपोर्ट बाळगणाऱ्याला विनाअडथळा जाऊ द्या, त्याला लागेल ती मदत आणि संरक्षण द्या. मला २०१५ मधे नागरिकत्व मिळालं तेव्हा राणी होती. ते पान मी फोनवर आईला वाचून दाखवलं, मराठीत समजावून सांगितलं, तेव्हा ती पुण्यात बसून म्हणाली की चला, आता तुला कुठेही कोणी हात लावणार नाही. मलाही तसंच वाटत होतं. त्यानंतर वर्षभरात इराणमधे डांबलेल्या नाझनीन झाघरी-रॅटक्लिफची बातमी आली आणि तेव्हापासून मी ही सेवा जवळून बघतेय, दहा वर्षं होत आली.

जवळून म्हणजे माझ्यावर वेळ आली म्हणून नाही. माझ्या टीममधे एक मैत्रीण आहे, मूळची शिराझची, आता ब्रिटिश नागरिक, आणि इराणच्या कायद्याप्रमाणे इराणीसुद्धा, कारण इराण नागरिकत्व सोडू देत नाही म्हटलं तरी चालेल इतकं ते अवघड आहे आणि तिथे दुसरं नागरिकत्व मोजतच नाहीत. तिचे वडील गेले तेव्हा ती गेली नाही. लॅबच्या मागच्या जिन्यात बसून तिने मोबाइलवर अंत्यविधी बघितला आणि मी तिच्या शेजारी पाण्याची बाटली धरून बसले होते, दुसरं काही सुचत नव्हतं. तेव्हापासून माझ्यासाठी हा विषय पेपरातल्या बातमीचा राहिलेला नाही.

आता मुद्द्याचं. ज्यांना पूर्ण गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नाझनीन लंडनमधे थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनमधे कामाला होती. मार्च २०१६ मधे नवरोजसाठी, म्हणजे त्यांच्या पाडव्यालाच म्हणा ना, ती २२ महिन्यांच्या मुलीला घेऊन तेहरानला आई-वडिलांकडे गेली. ३ एप्रिलला परतीच्या विमानासाठी इमाम खोमेनी एअरपोर्टवर पोचली तर रिव्होल्युशनरी गार्डने तिथेच धरलं. मुलीचा ब्रिटिश पासपोर्ट काढून घेतला. मुलगी आजी-आजोबांकडे, आई आधी एकांत कोठडीत आणि मग एविन तुरुंगात, बाप लंडनमधे. सरकार उलथवायचा कट केला असं म्हणून पाच वर्षांची शिक्षा ठोकली. मुलगी तिकडे फारसी बोलत वाढली आणि इंग्लिश विसरली, बापाशी फोनवर तिची भाषाच जुळेना. ऑक्टोबर २०१९ मधे ती लंडनला परत आली तेव्हा पाच वर्षांची झाली होती, शाळेत घालायला. आई अजून तिकडेच. २०२० च्या मार्चमधे कोविडमुळे नाझनीनला पायात इलेक्ट्रॉनिक कडं घालून आई-वडिलांच्या घरी सोडलं, मार्च २०२१ मधे पाच वर्षं पुरी झाली, कडं निघालं, आणि एप्रिलमधे परत नव्या आरोपाखाली अजून एक वर्ष सुनावलं. सुटून विमानात बसली ती १६ मार्च २०२२ ला. म्हणजे सहा वर्षांना काही आठवडे कमी.

या सहा वर्षांत ब्रिटनने पाच परराष्ट्रमंत्री बघितले : हॅमंड, जॉन्सन, हंट, राब, ट्रस. परत आल्यावर प्रेस कॉन्फरन्समधे नाझनीनने हाच प्रश्न विचारला, की एका माणसाला घरी आणायला किती परराष्ट्रमंत्री लागतात. टीव्हीवर ते बघताना मला आठवतंय, ती आवाज न चढवता बोलत होती, कोणाचे उगाच आभार मानत नव्हती, आणि त्यावरून सोशल मीडियावर काही लोकांनी तिला कृतघ्न वगैरे म्हटलं. मला ते फार लागलं. जिची सहा वर्षं गेली तिने आभार कसले मानायचे, जे काम पहिल्या वर्षात व्हायला हवं होतं ते सहाव्या वर्षी झालं हे सांगायचा तिचाच पहिला हक्क.

सेवेतली सगळ्यात मोठी चूक सगळ्यांना माहितीये, तरी लिहिते. १ नोव्हेंबर २०१७ ला बोरिस जॉन्सन, तेव्हाचे परराष्ट्रमंत्री, संसदेच्या समितीसमोर म्हणाले की ती तिथे लोकांना पत्रकारिता शिकवत होती. घरचे आणि तिची संस्था दोघंही पहिल्या दिवसापासून सांगत होते की ती सुट्टीवर होती, मुलीला आजी-आजोबांना भेटवायला गेली होती. तीन दिवसांनी तिला तेहरानच्या कोर्टात उभं केलं आणि हेच वाक्य तिच्याविरुद्ध वापरलं. नंतर त्यांनी संसदेत माफी मागितली, डिसेंबरमधे तेहरानला जाऊनही आले, पण तुरुंगातल्या बाईला त्याचा काय उपयोग. मी एका लॅबमधे काम करते, सॅम्पलवरचं नाव चुकलं तर आमच्याकडे चौकशी बसते. इथे देशाचा परराष्ट्रमंत्री आपल्या कैदेतल्या नागरिकाची फाइल नीट न वाचता बोलायला उभा राहतो. या एका गोष्टीसाठी मी एक स्टार कापलाय आणि तो कधीच परत जोडणार नाही.

दुसरा स्टार कापला तो "शांत राहा" या सल्ल्यासाठी. बऱ्याच कुटुंबांनी पुढे येऊन सांगितलंय की सुरुवातीला त्यांना हेच सांगितलं गेलं, मीडियात जाऊ नका, गाजावाजा केला तर तुमच्या माणसाची किंमत वाढेल, आम्ही आतून प्रयत्न करतोय. ऐकायला पटतं. आपल्यासारख्या माणसांना तर जास्तच पटतं, सरकारी साहेबाने सांगितलंय म्हणजे काहीतरी विचार असेल, असं म्हणून आपण गप्प बसू. पण गप्प बसलं की महिने जातात, पेपरात नाव येत नाही, मंत्री बदलतो, नवीन मंत्र्याला ती फाइल माहीतच नसते. नाझनीनच्या नवऱ्याने, रिचर्ड रॅटक्लिफने, महिनाभरातच गप्प बसायचं सोडलं म्हणून तुम्हाला-मला नाझनीन हे नाव तरी माहितीये. त्याने जून २०१९ मधे इराणच्या एम्बसीसमोर १५ दिवस उपोषण केलं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२१ मधे फॉरेन ऑफिसच्या दाराशी तंबू टाकून २१ दिवस. ते दुसरं उपोषण मी दोनदा जाऊन लांबून बघून आले, मैत्रिणीबरोबर. लंडनचा नोव्हेंबर, चार वाजता अंधार, दगडी इमारत आणि तिच्यासमोर फुटपाथवर एक साधा अकाउंटंट माणूस, पातळ होत चाललेला. मैत्रीण पुढे जाऊन बोलली नाही, कॅमेरे होते, तिकडे शिराझमधे आई आहे, उगाच फोटोत यायला नको म्हणून. मी पण मग तिच्याबरोबर मागेच थांबले. पहिलं उपोषण ज्या सरकारने डांबलं त्यांच्या दारात आणि दुसरं ज्या सरकारने सोडवायचं त्यांच्या दारात. ती जागा त्याने विचार करूनच निवडली होती.

आता पैशाचं, तिसरा कापलेला स्टार इथला, कारण खरी मेख तिथे आहे आणि हा भाग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो.

१९७० च्या दशकात शहाच्या, म्हणजे तेव्हाच्या राजाच्या, इराणने ब्रिटनकडून पंधराशेच्या वर चीफटन रणगाडे मागवले आणि पैसे आगाऊ मोजले. १९७९ मधे क्रांती झाली, शहा गेला, ब्रिटनने थोडेच रणगाडे दिले होते, बाकीचे दिले नाहीत आणि पैसेही परत केले नाहीत. ज्या कंपनीने हा सौदा केला ती संरक्षण खात्याचीच, इंटरनॅशनल मिलिटरी सर्व्हिसेस नावाची. प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादात गेलं, निकाल इराणच्या बाजूने लागला, ब्रिटन देणं लागतो हे पुढे ब्रिटिश मंत्र्यांनीही मान्य केलं. तरी पैसे काही गेले नाहीत, व्याज किती, निर्बंध असताना पाठवायचे कसे, यावर वर्षानुवर्षं कोर्टबाजी. नाझनीनला तुरुंगात तिच्या चौकशी करणाऱ्यांनीच सांगितलं होतं की तुझं प्रकरण या देण्याशी जोडलेलं आहे. रिचर्ड हे ओरडून सांगत होता. आणि सरकार मात्र जाहीरपणे म्हणत राहिलं की दोन्ही विषय वेगळे आहेत.

मार्च २०२२ मधे ब्रिटनने ३९ कोटी ३८ लाख पौंड दिले, मानवतावादी कामासाठीच वापरायचे या अटीवर. त्याच आठवड्यात नाझनीन आणि तिकडेच डांबलेले दुसरे ब्रिटिश-इराणी अनूशेह आशूरी विमानात बसले, मस्कतमार्गे ब्राइझ नॉर्टनच्या तळावर उतरले.

आणि हे कोडं कोणाला आधी सुटण्यासारखं नव्हतं असंही नाही. नाझनीनला पकडायच्या अकराच आठवडे आधी, जानेवारी २०१६ मधे, अमेरिकेने वॉशिंग्टन पोस्टचा तेहरानमधला पत्रकार जेसन रेझायान आणि आणखी काही जणांना सोडवलं. जेसनची ५४४ दिवसांची कैद संपली आणि त्याच सुमारास ४० कोटी डॉलर रोख विमानाने इराणला गेले. तेही शहाच्या काळातल्या शस्त्रखरेदीचेच, अमेरिकेकडे अडकलेले. म्हणजे तेहरानमधे बसलेल्या माणसाने त्या जानेवारीत काय धडा घेतला असेल बघा, आणि मग एप्रिलमधे ब्रिटिश पासपोर्टवाली आई एअरपोर्टवर धरली जाते. हे लंडनमधल्या अधिकाऱ्यांना दिसलं नसेल यावर माझा विश्वास नाही. देणं खरं होतं, लवादाने सांगितलेलं होतं, ते चुकतं करणं म्हणजे खंडणी नव्हे. ते २०१६ मधे दिलं असतं तर एका लहान मुलीला आई मिळाली असती, इतका साधा हिशोब आहे.

मला माहितीये समोरची बाजू काय आहे. पैसे देऊन माणूस सोडवला की पुढचा माणूस धरायला उत्तेजन मिळतं. हा मुद्दा खोटा नाही, वरचं उदाहरणच बघा. पण मग त्याचं उत्तर असं हवं की धरणाऱ्या अधिकाऱ्यांवर निर्बंध, सगळ्या देशांनी मिळून एकदम पावलं, पहिल्या दिवसापासून याला ओलीस ठेवणं म्हणायचं. कॅनडाने फेब्रुवारी २०२१ मधे अशा अटकांविरुद्ध जाहीरनामा काढला, पन्नासच्या वर देशांनी त्यावर मान डोलावली, ब्रिटनही त्यात आहे. पण कागद आहे, दात नाहीत. आणि ज्याचं देणं लागतो ते न देता माणूसही न सोडवणं, हे तत्त्व नव्हे, ती नुसती टाळाटाळ होती.

मोराद ताहबाझचं नाव बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून त्याच्यावर थोडं थांबते. लंडनमधे जन्मलेला, ब्रिटिश, अमेरिकन आणि इराणी अशी तीन नागरिकत्वं. काम काय, तर वन्यजीव. आशियाई चित्ता आपल्याकडे नामशेष झाला आणि आता जगात फक्त इराणमधेच थोडे उरलेत, त्या चित्त्यांसाठी जंगलात कॅमेरे लावणारी संस्था. जानेवारी २०१८ मधे त्याला आणि सहकाऱ्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली उचललं, त्यातले प्राध्यापक कावूस सय्यद-इमामी, तेही कॅनडाचे दुहेरी नागरिक, दोनच आठवड्यांत एविनमधे मरण पावले. ताहबाझला दहा वर्षं. मार्च २०२२ च्या सौद्यात ब्रिटनने सांगितलं की त्यालाही तात्पुरतं घरी सोडलंय. दोन दिवसांत परत तुरुंगात नेलं. नाझनीनच्या प्रेस कॉन्फरन्सला त्याची मुलगी शेजारी बसली होती, आपल्या बापाला मागे ठेवलं म्हणून सांगत. शेवटी तो सुटला सप्टेंबर २०२३ मधे, तेही अमेरिकेच्या सौद्यात, दक्षिण कोरियात गोठवलेले इराणचे ६ अब्ज डॉलर कतारला हलवले तेव्हा. ब्रिटनमधे जन्मलेल्या माणसाला घरी आणलं अमेरिकेने. विमान उतरताना टाळ्या वाजतात तेव्हा कोण उतरलं नाही ते मोजायला हवं, सेवेचा दर्जा तिथे कळतो.

आणि जो कधीच उतरला नाही तो अलीरझा अकबरी. इराणचा माजी उपसंरक्षणमंत्री, ब्रिटिश-इराणी, परत बोलावून घेऊन अटक केली आणि जानेवारी २०२३ मधे फाशी दिली. फाशीआधी थोडेच दिवस त्याचं नाव जगाला कळलं.

आता जरा कायद्याचं, कारण बरेच जण विचारतात की मग एम्बसीवाले जाऊन भेटत का नाहीत. १९६३ च्या व्हिएन्ना करारात कलम ३६ आहे, त्याप्रमाणे परदेशात अटक झालेल्या माणसाला त्याच्या देशाचे अधिकारी भेटू शकतात, यालाच कॉन्सुलर ॲक्सेस म्हणतात. पण अटक करणारा देश म्हणाला की हा आमचाच नागरिक आहे, तर दार बंद. १९३० च्या हेग करारातच लिहून ठेवलंय की ज्या देशाचं नागरिकत्व माणसाकडे आहे त्या देशाविरुद्ध दुसऱ्या देशाने त्याला राजनैतिक संरक्षण देऊ नये. तो काळ वेगळा होता, एका माणसाला दोन देश असणं हीच भानगड समजली जायची. २००६ मधे संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने यात बदल सुचवला की माणसाचं प्रत्यक्ष जास्त नातं कोणत्या देशाशी आहे ते बघा, म्हणजे घर कुठे, संसार कुठे, नोकरी कुठे. मार्च २०१९ मधे जेरेमी हंट यांनी नाझनीनला राजनैतिक संरक्षण दिलं, म्हणजे ही आता एका कुटुंबाची नाही, दोन देशांमधली तक्रार झाली. फार क्वचित होणारी गोष्ट, आणि या सगळ्या प्रकरणात मला मनापासून आवडलेला एकमेव निर्णय. इराणने मानलं नाही, पण निदान आपल्या सरकारने तोंडाने म्हटलं की ती आमची आहे. दोन स्टारमधला एक त्याचा आहे.

पण तो निर्णय मेहेरबानी म्हणून मिळाला. ब्रिटनच्या कायद्यात परदेशात मदत मिळण्याचा हक्कच लिहिलेला नाही. २००२ मधे अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगात ठेवलेल्या एका ब्रिटिश माणसाच्या केसमधे इथल्या कोर्टाने साधारण एवढंच म्हटलं की सरकारने विनंतीचा विचार करावा अशी अपेक्षा धरता येते, पुढे काय करायचं ते सरकार ठरवेल. जर्मनीत १९७४ पासून कॉन्सुलर मदतीचा कायदाच आहे. लेबर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात मानवी हक्कांचं उल्लंघन होत असेल तिथे मदतीचा हक्क देऊ असं लिहिलं होतं. एप्रिल २०२३ मधे संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीनेही अशा केसेससाठी वेगळा वरिष्ठ अधिकारी नेमा, पंतप्रधानांपर्यंत थेट पोचणारा, असं सांगितलं होतं. हे दोन्ही मला या सेवेत हवंय, आणि भाषणात नको, कायद्याच्या पुस्तकात हवंय.

बाकीचे देश काय करतात? अमेरिकेत २०१५ पासून ओलीसांसाठी खास दूत आहे आणि डिसेंबर २०२० मधे इराणमधे बेपत्ता झालेल्या रॉबर्ट लेविन्सनच्या नावाने कायदा झाला, त्यात अटक अन्यायाची आहे हे ठरवायच्या कसोट्या लिहिलेल्या आहेत. ठरलं की फाइल कॉन्सुलर टेबलावरून उठून दूताच्या ऑफिसात जाते, घरच्यांना एक ठराविक माणूस मिळतो. ऑस्ट्रेलियाने कायली मूर-गिल्बर्टला, जी ब्रिटिशही आहे, ८०४ दिवसांनी इराणमधून सोडवलं, बदल्यात थायलंडमधले तीन इराणी कैदी गेले. इटलीने तर चेचिलिया साला या पत्रकाराला तीन आठवड्यांत परत आणलं, डिसेंबर २०२४ मधे पकडली, ८ जानेवारीला घरी. ती फक्त इटालियन होती हा फरक लक्षात घ्या. स्वीडनचं उदाहरण मात्र मला रडवतं. जून २०२४ मधे त्यांनी जन्मठेपेचा कैदी हमीद नूरी देऊन योहान फ्लोडेरुस आणि सईद अझीझी या दोघांना आणलं, आणि स्वीडिश-इराणी डॉक्टर अहमदरझा जलाली, आपत्ती वैद्यकशास्त्रातले, एप्रिल २०१६ पासून आत, डोक्यावर फाशी, ते मागेच राहिले. म्हणजे नाझनीनबरोबर त्याच महिन्यात पकडलेला माणूस.

हे फक्त इराणचं आहे असंही नाही. इजिप्तने तुरुंगात टाकलेला लोकशाहीवादी कार्यकर्ता अला अब्द अल-फत्ताह, आई लैला सुएफ लंडनमधे जन्मलेली म्हणून ब्रिटिश नागरिक. इजिप्तने ब्रिटिश अधिकाऱ्यांना कधी भेटूच दिलं नाही, म्हणे आमचा माणूस. शिक्षा भरूनही सोडेनात म्हणून सप्टेंबर २०२४ च्या शेवटी त्या गणिताच्या प्राध्यापक आईने उपोषण धरलं, वय ६८, आणि डाउनिंग स्ट्रीटसमोर येऊन बसायची. महिनोनमहिने. पंतप्रधानांनी इजिप्तच्या अध्यक्षांना फोन केले आणि सप्टेंबर २०२५ मधे माफी मिळून तो सुटला. दुसरा स्टार याचा, फोन केले म्हणून. पण बघा, परत एका घरच्या माणसाने उपाशी बसल्यावरच. या सेवेचा अर्ज जणू पोटावर लिहावा लागतो.

आपल्या लोकांना हा विषय लांबचा वाटतो, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाहीच. आपण ब्रिटिश झालो की भारतीय नागरिकत्व संपलं, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही, नाव काहीही असलं तरी. त्याची एक बाजू अशी की भारतात आपल्याला अटक झाली तर भारत "ही आमचीच" म्हणू शकत नाही, ब्रिटिश अधिकारी भेटायला येऊ शकतात. पण तेवढ्याने सुटका होते असंही नाही. स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनचा जगतारसिंग जोहल, ब्रिटिश नागरिक, नोव्हेंबर २०१७ मधे जालंधरला लग्नानंतर उचलला. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने २०२२ मधे त्याची अटक मनमानी ठरवली, भारत सरकार म्हणतं सगळं कायद्याप्रमाणे चाललंय, मार्च २०२५ मधे एका केसमधे तो निर्दोष सुटला तरी बाकीच्या केसेससाठी आतच राहिला. मला भारतावर प्रेम आहे म्हणून मी हे नाव गाळणार नाही. इराणला जो प्रश्न विचारते तोच इथेही विचारायला हवा.

आणि मराठी माणसाला कॉन्सुलर ॲक्सेस हा शब्द कुठून कळला, तर कुलभूषण जाधवांमुळे. ते दुहेरी नागरिक नाहीत, पण दार बंद असणं म्हणजे काय ते आपण तेव्हा बघितलं. २५ डिसेंबर २०१७ ला इस्लामाबादमधे काचेपलीकडून भेट, आईचं आणि बायकोचं मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली, आणि आई मराठीत बोलायला लागली की तिला अडवलं. हे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी जाहीर सांगितलं. लेकाला इतक्या दिवसांनी बघणारी आई दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार होती? भारताने आंतरराष्ट्रीय न्यायालयात केस नेली, हरीश साळव्यांनी एक रुपया फीवर लढवली, १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला की कलम ३६ मोडलंय, फाशीचा फेरविचार करा. जाधव अजून सुटले नाहीत. पण तिथे सरकारने स्वतः पुढे होऊन दार ठोठावलं, आईला रस्त्यावर बसावं लागलं नाही. मी ब्रिटनकडून एवढंच मागतेय.

एक चांगलं सांगायचं राहिलं. प्रवासाआधीचा सल्ला देण्यात हे लोक चांगले आहेत. इराणच्या पानावर गोलगोल भाषा नाही, सरळ लिहिलंय की जाऊ नका, ब्रिटिश पासपोर्ट असणं किंवा ब्रिटनशी संबंध असणं एवढंच अटकेला कारण होऊ शकतं, आणि दुहेरी नागरिकांना जास्त धोका. आपल्यात कोणाची सून, जावई, मित्र दोन देशांचे असतील तर तिकीट काढायच्या आधी ते पान वाचायला लावा, आणि त्या दुसऱ्या देशात गेल्यावर एम्बसीचे हात बांधलेले असतील हेही सांगा. सरकारी माहितीत तेही लिहिलंय, फक्त वाचत कोणी नाही. आणि दुर्दैवाने कोणी अडकलंच, तर गप्प राहायचं की बोलायचं हे घरच्यांनी ठरवावं, आपल्या भागाच्या खासदाराला पहिल्या आठवड्यात गाठावं. नाझनीनसाठी ट्युलिप सिद्दीक यांनी संसदेत किती वेळा प्रश्न लावून धरला ते आठवा.

मैत्रीण आणि तिची आई दर नवरोजला इस्तंबूलला भेटायच्या, इराण्यांना तुर्कस्तानला व्हिसा लागत नाही म्हणून. मधल्या देशात चार दिवस, एक हॉटेलची खोली, आईने आणलेली सुकी लिंबं आणि पिस्ते, त्यातले थोडे दरवर्षी माझ्या डब्यात यायचे. आता आईचे गुडघे गेलेत, विमान जमत नाही. या वर्षी आईने पहिल्यांदाच विचारलं, तूच ये ना. मैत्रिणीने कामाच्या मधे ते सरकारी पान उघडलं, मी शेजारीच होते, तिने शेवटपर्यंत वाचलं आणि बंद केलं. मग मला म्हणाली, आशूरीसुद्धा आईलाच बघायला गेले होते.